अडीच ते अकरा

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४च्या पहाटे काय घडलं, हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. भरधाव पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते, स्टिअरिंगवर सतरा वर्षांचा मुलगा, आणि मग जामिनाच्या अटीतला तो तीनशे शब्दांचा निबंध. त्या निबंधावर इतकी चर्चा झाली की त्याआधीचे साडेआठ तास बाजूलाच पडले. अपघात झाला पहाटे अडीचला. त्या मुलाचं रक्त ससून रुग्णालयात घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास.

दोन जीव गेले, तो पहिला अनर्थ काही सेकंदांत झाला. दुसरा अनर्थ सावकाश, एका पोलीस ठाण्यात आणि एका सरकारी रुग्णालयात, दिवसाढवळ्या झाला. गाडी चालवणाऱ्याच्या अंगात त्या क्षणी किती दारू होती, या प्रश्नाचं उत्तर त्या साडेआठ तासांत कायमचं नाहीसं झालं. हा घटनाक्रम त्या दुसऱ्या अनर्थाचा आहे. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून जे आरोप आहेत ते आरोप म्हणूनच लिहितो.

शनिवार १८ मे, रात्री पावणेअकरा

बारावी झाल्याच्या आनंदात मित्रांचा घोळका मुंढव्यातल्या एका रेस्टॉरंटमध्ये बसला. पोलीस आयुक्तांनी नंतर पत्रकारांना सांगितलं की मुलगा दारू पीत असल्याचं सीसीटीव्हीचं चित्रण हाती आहे.

महाराष्ट्रात दारू प्यायला वयाची पंचविशी पूर्ण लागते, बिअर आणि वाइनसाठी एकविशी. कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलांच्या टेबलावर बाटली ठेवायची तर वेटरने, कॅप्टनने, मॅनेजरने एवढंच म्हणायचं होतं: 'आधार दाखवा.' या ठिकाणच्या मालक-व्यवस्थापकांवर पुढे अटकेची कारवाई झाली, पण ती अपघातानंतर.

गाडीही रस्त्यावर यायला नको होती. बंगळूरच्या विक्रेत्यामार्फत आलेली ती विजेवर चालणारी पोर्शे तात्पुरत्या नोंदणीवर होती. १,७५८ रुपयांचं शुल्क न भरल्यामुळे तिची कायमची नोंदणी अडून राहिली होती, असं परिवहन खात्याने नंतर सांगितलं. गाडीला नंबरप्लेट नव्हती. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी गेली तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, ही तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आली आहे. म्हणजे त्या रात्री कायदा कमी नव्हता. कायदा भरपूर होता.

रात्री १२ वाजून १० मिनिटं

पोलिसांच्या म्हणण्यानुसार पहिल्या ठिकाणचं ४८ हजारांचं बिल चुकतं करून मंडळी दुसऱ्या ठिकाणी गेली. तिथे तासाभराहून थोडा अधिक वेळ.

घोट पोटात गेल्यावर दारू रक्तात चढत राहते. रिकाम्या पोटी लवकर, जेवल्यावर उशिरा, पण शेवटच्या पेल्यानंतर साधारण अर्धा ते दीड तासात ती शिखर गाठते. म्हणून 'निघताना तर ठणठणीत होतो' हे प्यायलेल्या माणसाचं वाक्य खोटं असतंच असं नाही. पार्किंगमधून गाडी काढताना तो बरा असतो आणि दोन सिग्नल ओलांडेपर्यंत नसतो.

त्या मुलाच्या वाटेत कुठे नाकाबंदी असती तर काय झालं असतं? पुण्या-मुंबईत रात्री फिरणाऱ्याने हे दृश्य पाहिलेलं आहे. बॅरिकेड तिरके लावलेले, टॉर्चचा झोत काचेवर, 'काच खाली घ्या', हवालदाराच्या हातात ते मुठीत मावणारं यंत्र आणि त्याला लावलेली प्लॅस्टिकची नळी. 'फुंका.' आणि मग सुरू होतात नकाराचे प्रकार. कोणी ओठ नळीला लावून गाल फुगवतो, पण हवा सोडत नाही. कोणी उलटी आत ओढतो. कोणाला नेमका तेव्हाच दमा असल्याचं आठवतं. कोणी काहीच न बोलता फोन पुढे करतो: 'साहेबांशी बोला.' साधं, स्वच्छ 'मी फुंकणार नाही' म्हणणारा विरळा. आपल्याकडचा नकार बहुतेक वेळा वेळ काढण्याच्या रूपात येतो, आणि वेळ काढणं हाच खरा डाव असतो.

कायदा या नकाराला काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक दारू आढळली की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. कलम २०३ प्रमाणे संशयाला सबळ कारण असेल तर गणवेशातला पोलीस फुंकायला सांगू शकतो. फुंकलं नाही आणि पोलिसाला दारूचा रास्त संशय असेल, तर वॉरंटशिवाय अटक. अपवाद एकच, माणूस रुग्णालयात दाखल असेल तर. अटकेनंतर ठाण्यात फुंकण्याची आणखी एक संधी. तिथेही नकार दिला, तर कलम २०४ खाली डॉक्टरकडून रक्त. आणि सगळ्यालाच नकार दिला तर? कलम २०५ म्हणतं की योग्य कारण नसेल तर न्यायालय तो नकार आरोपीच्या विरुद्ध धरू शकतं.

'धरू शकतं' एवढंच. नकार हा स्वतंत्र गुन्हा नाही, त्याला वेगळी शिक्षा नाही. अडीचच्या आधीही कायद्यातली ही फट होती, आजही आहे.

रविवार १९ मे, पहाटे अडीच

कल्याणीनगरचा चौक. मित्रांना भेटून दुचाकीवरून परतणारे दोघं, एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीसाठी आलेले. गाडीने मागून धडक दिली. दोघंही गेले. त्यांच्या घरच्यांनी माध्यमांपुढे वारंवार आपलं दुःख मांडलं आहे, मी त्यात शब्दांची भर घालणार नाही.

लोक जमले. मुलाला गाडीतून बाहेर ओढलं, चोप दिला आणि पोलिसांच्या हवाली केलं. या क्षणी पुरावा शंभर टक्के शाबूत होता. संशयित हाताशी, साक्षीदार डझनभर, येरवडा पोलीस ठाणं जवळ, आणि दारू अजून त्याच्या रक्तात.

पहाटे तीन

कलम २०३ची दुसरी तरतूद नेमकी अशाच वेळेसाठी आहे. सार्वजनिक जागी अपघात झाला आणि चालकाने दारू घेतल्याचा रास्त संशय आला, तर गणवेशातला पोलीस त्याला फुंकायला सांगू शकतो. ठाण्यातल्या अधिकाऱ्याचं पहिलं काम स्टेशन डायरीत वेळ टाकणं, दुसरं नियंत्रण कक्षाला कळवणं, आणि तिसरं, ज्याला पोलिसी बोलीत 'मेडिकल करून आणा' म्हणतात, ते.

नियंत्रण कक्षाला आणि रात्रीच्या गस्तीवरच्या उपायुक्तांना वेळेत कळवलं गेलं नाही. याच कारणावरून येरवडा ठाण्याचे निरीक्षक आणि सहायक निरीक्षक पाच दिवसांनी निलंबित झाले. मुलगा अल्पवयीन होता, म्हणून त्याला कोठडीत ठेवता येत नव्हतं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं होतं, हे खरं. पण अल्पवयीनाची वैद्यकीय तपासणी पहाटे करू नये असं कोणताच कायदा म्हणत नाही. ससून येरवड्यापासून लांब नाही, पहाटे तीनला रस्ता मोकळा असतो, आणि अपघात विभागात चोवीस तास डॉक्टर असतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येतो: 'रक्त देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं, संविधानाने त्याला नकार द्यायचा हक्क दिलाय.' संविधानाचं कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याच्या सक्तीपासून वाचवतं, हे बरोबर. पण सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१मध्ये, मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात, ही ढाल कुठवर पोचते ते ठरवून दिलं. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना या गोष्टी 'साक्ष' नव्हेत. साक्ष म्हणजे आपल्या माहितीतलं सांगणं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५३ तर पोलीस उपनिरीक्षकाच्या विनंतीवरून डॉक्टरला अटकेतल्या माणसाची तपासणी करू देत होतं, रक्तासह आणि गरजेपुरतं बळ वापरून. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलम ५१ झालं, आणि आता अशी विनंती कुठलाही पोलीस अधिकारी करू शकतो. म्हणजे ज्याने फुंकायला नकार दिला त्याच्यापुढेही पोलीस हतबल नसतो, जर त्याला घाई असेल तर.

पहाटे साडेचार

कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ कलम २०२मध्ये आहे, आणि त्याच्याविषयी बोललं जातं सगळ्यात कमी. कलम १८५ खाली अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायलाच हवी. ती झाली नाही तर? तर त्याला कोठडीतून सोडून द्यावं लागतं.

पुन्हा वाचा. उशीर पोलिसांनी केला तर फायदा आरोपीचा. नागरिकाला विनाकारण डांबून ठेवलं जाऊ नये, हा या तरतुदीमागचा हेतू चांगला आहे आणि मला तो मान्य आहे. पण जिथे ठाण्यातला माणूस आरोपीच्या बाजूने झुकलेला असेल, किंवा नुसता सुस्त असेल, तिथे हेच घड्याळ पळवाट बनतं. शिवाय हे दोन तास मोजायचे अटकेपासून, अपघातापासून नव्हे. कागदावर अटक सकाळी दाखवली की घड्याळ सकाळी सुरू.

साडेचार वाजले. पाच वाजले. बाहेर उजाडलं.

शरीराला मात्र कागदाची फिकीर नसते. शिखर गाठल्यावर यकृत दारू जाळू लागतं, आणि त्याचा वेग फारसा बदलत नाही: १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम. कोणाचा १०, कोणाचा २०. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याचा शॉवर, कशानेही हा वेग वाढत नाही.

आता एक हिशेब करू. या मुलाच्या रक्तात किती होती हे कोणालाच माहीत नाही, म्हणून आकडा दुसऱ्या, निकाल लागलेल्या खटल्यातला घेतो. १२ नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, पहाटे पावणेचार ते चारच्या दरम्यान. रस्त्याच्या कामावरचे मजूर पदपथावर झोपले होते. टोयोटा कोरोला त्यांच्यावर चढली. सात मेले, आठ जखमी. चालक ॲलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम दारू सापडली. मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षं केली, आणि १२ जानेवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्या निकालाला आधार देणाऱ्या पुराव्यात रक्ताच्या या अहवालाचा मोठा वाटा आहे.

समजा, अशाच ११२ मिलिग्रॅमवाल्या माणसाचं रक्त साडेआठ तास उशिरा घेतलं. ताशी १५च्या वेगाने शंभराहून अधिक मिलिग्रॅम केव्हाच जळून गेले, अहवाल कोरा. वेग अगदीच मंद, ताशी १० धरला, तरी उरतात २७. म्हणजे ३०च्या आत. चौपट प्यायलेला माणूस दुपारच्या आत कायद्याच्या नजरेत शुद्ध. कोणाला लाच द्यायची गरज नाही, नळी फोडायची गरज नाही. नुसतं ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवायचं.

सकाळी आठ ते पावणेअकरा

गुन्हा नोंदवला गेला तो सुरुवातीला निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा, भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ. सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ त्यात नंतर आलं.

पोलिसांच्या तपासानुसार सकाळी साडेआठ ते दहा चाळीस या वेळात मुलाचे वडील आणि ससूनच्या न्यायवैद्यक विभागाचे तेव्हाचे प्रमुख यांच्यात चौदा वेळा फोनवर संपर्क झाला. हा आरोप आहे, तो सिद्ध व्हायचा आहे. पण ज्या कोणी रुग्णालयाच्या ओट्यावर नातेवाइकासाठी रांगेत उभं राहून डॉक्टरचं दोन मिनिटांचं दर्शन घेतलं आहे, त्याला या चौदा फोनांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सकाळी अकरा

रक्त घेण्याची रीत महाराष्ट्रात १९५९च्या नियमांनी बांधून दिली आहे, मुंबई दारूबंदी कायद्याखालच्या. त्या नियमांतला काटेकोरपणा बघण्यासारखा आहे. सुई टोचायच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवायचा नाही, कारण स्पिरिट म्हणजे दारूच, आणि उद्या बचावाचा वकील नेमकं तेच विचारणार. किमान पाच सी.सी. रक्त. ते ज्या कुपीत भरायचं तिच्यात आधीच दोन गोष्टी हव्यात: रक्त गोठू न देणारा पदार्थ आणि रक्त टिकवणारा पदार्थ. सोडियम फ्लोराइड नसेल तर कुपीतल्या कुपीत जंतू साखर आंबवून नवीन दारू तयार करू शकतात. कुपी हलवून मिसळायची, झाकण लावायचं, लाखेचं सील, वर नाव, तारीख, वेळ. सोबत डॉक्टरने भरलेला नमुना 'अ', ज्यात तोंडाचा वास, चाल, बोलणं, बुबुळं यांची नोंद. मग कुपी आणि नमुना 'ब' न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे.

वासाच्या आणि चालीच्या नोंदी एकट्याने का पुरत नाहीत, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये बाचूभाई कर्याणी खटल्यात दिलं होतं. तोंडाला वास, झोकांड्या, अडखळतं बोलणं, विस्फारलेली बुबुळं, एवढ्यावर दारूच्या अमलाचा निष्कर्ष काढता येणार नाही, रक्ताची तपासणी हवी होती, असं न्यायालय म्हणालं. आपल्या रुग्णालयांतल्या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते वाक्य, 'मद्यसेवन केले आहे, परंतु अमलाखाली नाही', वकिलाला आयतं सापडतं. म्हणून सगळा भार त्या पाच सी.सी.वर येतो.

तर अकराच्या सुमारास ससूनमध्ये मुलाचं रक्त घेतलं गेलं. आणि, पोलीस आयुक्तांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे, ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं गेलं. त्याच्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचं रक्त, त्याच्या नावाची चिठ्ठी लावून, प्रयोगशाळेत गेलं. ते रक्त मुलाच्या आईचं होतं असा आरोप आहे. गाडीतल्या मित्रांच्या नमुन्यांबाबतही अदलाबदलीचा आरोप झाला. यासाठी तीन लाख रुपये मोजले गेले, असं तपासात पुढे आलं.

साडेआठ तासांनी मर्यादेखालीच आकडा येण्याची शक्यता होती, तर बदलायचं कशाला? कारण अंश जरी सापडला असता तरी उलटा हिशेब मांडता आला असता. अकराला इतके, तर अडीचला किती, हे गणित न्यायवैद्यकशास्त्राला येतं. त्यात वर-खाली होतं, पण दोन टोकं ठरवता येतात. कचऱ्यात गेली ती कुपी म्हणजे त्या गणिताची एकमेव मांडणी होती. सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तात दारूचा एक थेंब निघणंही अनेकांच्या अंगाशी आलं असतं, हे वेगळंच.

१९५९च्या नियमकर्त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यापर्यंत विचार केला होता. सील लावणारा हातच बदलेल, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त संताप येतो तो इथे. ससून हे गरिबाचं रुग्णालय आहे. तिथल्या शवागाराबाहेर त्याच सकाळी दोन कुटुंबांना मृतदेहांची वाट पाहायची होती.

दुपार

रविवार असूनही बाल न्याय मंडळाच्या एका सदस्यापुढे मुलाला हजर केलं गेलं आणि अपघातानंतर पंधरा तासांच्या आत जामीन झाला. अटी: तीनशे शब्दांचा निबंध, वाहतूक नियमांचा अभ्यास, समुपदेशन. पुढचं सर्वांना माहीत आहे, ते मी उगाळत नाही.

संध्याकाळ

इथे मात्र कोणीतरी शहाणपणा केला. पोलिसांनी औंधच्या सरकारी रुग्णालयात मुलाचं रक्त दुसऱ्यांदा घेतलं. दारू शोधायला नव्हे, त्याची वेळ कधीच उलटून गेली होती. पहिल्या नमुन्याशी ताडून पाहायला. ज्याने हा निर्णय घेतला त्याने या प्रकरणाची उरलीसुरली लाज राखली.

रविवार २६ मे

ससूनच्या नमुन्यात दारू नव्हती. अर्थातच नव्हती. पण डीएनए तपासणीत औंधचं रक्त एका माणसाचं आणि ससूनचं दुसऱ्याच माणसाचं निघालं. रात्रीतून दोन डॉक्टरांना आणि मग रुग्णालयाच्या एका कर्मचाऱ्याला अटक झाली, पुढे आईवडिलांनाही. जुलैत नऊशे पानांचं आरोपपत्र दाखल झालं. जामिनानंतरही मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ला बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५मध्ये फेटाळली.

आरोपी डॉक्टरांचं काय व्हायचं ते होईल. नमुने बदलल्याचा खटला चालेल, शिक्षा होईल किंवा सुटतील. पण त्या पहाटेचा मूळ प्रश्न, किती मिलिग्रॅम, याचं उत्तर आता कोणत्याही न्यायालयाला मिळणार नाही. बिलं आहेत, चित्रण आहे, साक्षीदार आहेत. आकडा नाही.

इतर देशांची घड्याळं

ब्रिटनमध्ये परिवहनमंत्री बार्बरा कॅसल यांच्या काळात, १९६७च्या कायद्याने फुंकण्याचं यंत्र रस्त्यावर आलं. तेव्हापासून तिथे योग्य कारणाशिवाय नमुना नाकारणं हाच गुन्हा आहे. आज तिथल्या ठाण्यात गाडी चालवणाऱ्याने श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना नाकारला तर दारू पिऊन गाडी चालवल्यासारखीच किमान वर्षभराची बंदी येते. नाकारून काहीच हाती लागत नाही, मग माणूस फुंकतो.

अमेरिकेत गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. रस्त्याच्या कडेला सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगतात, एका पायावर उभं करतात. या कसरतींना नकार दिला तर बहुतेक राज्यांत वेगळी शिक्षा नाही. पण अटकेनंतरची श्वासाची चाचणी नाकारली की लायसन्सवर गदा येते, कारण रस्त्यावर गाडी आणली म्हणजे चाचणीला संमती दिली, असं तिथला कायदा धरून चालतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हे पक्कं ठाऊक असतं, तिथे नकार हा स्वतंत्र अपराध आहे. २०१६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली: अटकेनंतर श्वासासाठी वॉरंट लागत नाही, त्याला नकार दिल्याबद्दल शिक्षा करता येते, पण रक्तासाठी सुई टोचायची तर, एरवी, न्यायाधीशाचं वॉरंट हवं. माणसाचं शरीर आणि सार्वजनिक सुरक्षा यांतला तोल त्यांनी असा सांभाळला. आपण नकारालाही मोकळा सोडला आणि उशिरालाही.

यापुढे

संसदेने तीन बदल करावेत. श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना विनाकारण नाकारणं हा कलम १८५च्या तोडीचा स्वतंत्र गुन्हा करावा. माणूस मेलेल्या किंवा जबर जखमी झालेल्या अपघातात दोन तासांचं घड्याळ अटकेपासून नव्हे, पोलिसांना खबर मिळाल्यापासून मोजावं, आणि ते चुकलं तर जबाब ठाणे अंमलदाराला द्यावा लागावा, बक्षीस आरोपीला मिळू नये. आणि अशा अपघातात रक्ताचे नमुने दोन घ्यावेत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावेत, एक थेट न्यायालयाच्या ताब्यात. पुण्यात दुसरा नमुना घेतला गेला म्हणूनच पहिल्याची चोरी उघड झाली.

कायदा बदलायला वर्षं लागतात, अपघात आज रात्रीही होईल. म्हणून वाचकांना, विशेषतः ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांच्या शेजाऱ्यांना आणि मित्रांना, हात जोडून सांगतो. घरचे लोक त्या वेळी भानावर नसतात, तेव्हा ठाण्यात तुम्ही जा. पहिल्या तासात जा. ठाणे अंमलदाराला विचारा: चालकाला फुंकायला लावलं का, किती वाजता, यंत्रात आकडा किती आला? त्याने नकार दिला का, आणि तो स्टेशन डायरीत लिहिलाय का? मेडिकलला कधी आणि कुठल्या रुग्णालयात नेणार? हे प्रश्न एका साध्या कागदावर लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर वेळेसह पोच घ्या. पोच द्यायला कोणी नकार दिला, तर तोच मजकूर ११२ला फोन करून सांगा, म्हणजे त्या वेळेची नोंद राहील.